रहमत मिस्त्रीचा गरम बर्फ

पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद रोडच्या कडेला रहमत मिस्त्रीचं कमानपाट्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिना, एक भाता, एक ऐरण आणि तुटक्या पाट्यांचा हा एवढा ढीग. ट्रकच्या चाकांवर जे लोखंडी पाटे एकावर एक रचलेले असतात आणि वरचं सगळं ओझं झेलतात, त्यांचा हा डॉक्टर. पाटा तुटला की ट्रक एका अंगावर बसतो, आणि ट्रक बसला की ड्रायव्हर रहमतच्या बाजेवर बसतो. नवा पाटा चढवायला दोन तास लागत. त्या दोन तासांत रहमत त्याला काश्मीरचा बर्फ ऐकवायचा, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचा नाही.

ड्रायव्हर खुद्द काश्मीरचा निघाला, तर मात्र रहमत मान खाली घालून काम करायचा. तोंडातून चकार शब्द नाही. सफरचंदं उतरवून परत निघालेले असे ट्रक त्या रस्त्यानं नेहमीचेच. लोक म्हणत, मिस्त्रीला तिकडची याद येते, जीव भरून येतो बिचाऱ्याचा.

आता पांढरकवडा म्हणजे असं गाव, जिथं उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटून घरी येतं. बर्फ पाहायचा तर रसवंतीच्या पेटीत, भुशात गुंडाळलेला. अशा गावात ज्यानं पहाडावरचा बर्फ पाहिला, त्याचा मान तहसीलदाराहून दोन बोटं वर असला तर नवल नाही. तहसीलदार बदलून जातात, रहमत मिस्त्री तिथंच होता.

"बर्फ म्हंजे असा पांढरा, का नजर ठरत नाही," तो घण ऐरणीला टेकवून सुरू करायचा. "पाय टाकला का कमरेपरेंत आत. वरून भुरभुर भुरभुर चालूच हाये. नाकात गेला का शिंका. म्हनून तिकडचे लोक तोंडाले फडकं बांधतात. अन् थंडी म्हनसान तर ती वरून. त्या ढिगात एकदा घुसलं का असा उबारा, का मायच्या गोधडीत झोपल्यावानी."

ऐकणारा मान डोलवायचा. बर्फ ऊबदार असतो की कसा, हे तपासायला पांढरकवड्यातून कोण जाणार होतं?

तुम्ही चाणाक्ष असाल तर एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल की हा बर्फ नव्हे, ही रुई आहे. नसेल आलं तर तुमचाही दोष नाही. सांगण्याची तऱ्हाच तशी होती.

त्याचं झालं असं. सन ऐंशीच्या डिसेंबरात रहमत बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या लग्नाला तीन महिने झाले होते. एका काश्मिरी ड्रायव्हरचा पाटा त्यानं इतका नामी बसवला, की ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला, चल माझ्यासोबत, तुला बर्फ दाखवतो. रहमतनं ही गोष्ट एकट्या बायकोला, खैरुनबीला सांगितली असती तर भागलं असतं. पण त्यानं ती अख्ख्या बाजारात सांगितली. मग काय विचारता! चहावाल्यानं फुकट चहा पाजला, पानवाल्यानं झेंडूचा हार घातला. खैरुनबीनं मफलर गुंडाळून दिला, आणि रहमतनं चारचौघांत तिला शब्द दिला, "शाल घेऊनच येईन. खास काश्मीरची."

ट्रक वडकी ओलांडून हिंगणघाटला पोचला, दोन-अडीच तासांत. तिथं ड्रायव्हरला मालकाचा निरोप मिळाला, की रिकामा वर येऊ नकोस, कापसाच्या गठाणी भर आणि तशाच खाली कोइमतूरला ने. म्हणजे तोच ट्रक त्याच संध्याकाळी पांढरकवड्यावरूनच परत जाणार! "बैठो, तुम्हें घर छोड़ देता हूँ," असं तो भला माणूस म्हणाला. रहमतनं खाली पाहिलं. गळ्यातला हार अजून सुकलाही नव्हता.

तो उतरला. कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये त्याला काम मिळालं, आणि चार महिने तो रुईच्या ढिगात फावडं मारत राहिला. पाय टाकला की कमरेपर्यंत आत, वरून भुरभुर, नाकात गेली की शिंका. तोंडाला फडकं बांधलेलं असे, त्यामुळे गावचा कोणी भेटला तरी ओळखायचा नाही. रात्री त्या ढिगाच्या कडेला उबारा मिळायचा. घरी त्यानं तीन आंतरदेशीय पत्रं पाठवली, वर ठळक अक्षरात "श्रीनगर" लिहून. मार्चमध्ये हिंगणघाटच्याच बाजारात एका फिरत्या शालवाल्याकडून जांभळी शाल घेतली आणि घरी आला. शालवाला खास काश्मीरचा होता, तेवढं मात्र शंभर टक्के खरं.

त्याला वाटलं होतं, आठ दिवस लोक विचारतील आणि विसरून जातील. पण लोक विसरेनात. खोटं बोलणं सोपं असतं, त्याला पंचवीस वर्षं पोसणं फार कठीण. रहमतनं ते पोसलं, आणि हळूहळू त्याला ते आवडायलाही लागलं. शेवटीशेवटी तर काश्मीरला जाऊन आलेला माणूस त्यालाही आपल्यात दिसायचा.

मग उजाडलं दोन हजार पाच साल. त्या साली भाव पडून कापसाची जी गत झाली ती जिल्ह्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, इथं उगाळत बसत नाही. एवढंच सांगतो, की सरकारी खरेदी केंद्रासमोर बैलगाड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर यांची रांग लागली, ती वाढत वाढत रहमतच्या दुकानापर्यंत आली आणि तिथंच गोठली. माणसं चार-चार, पाच-पाच दिवस गाडीखाली झोपत होती. काम काही नाही, रांग हलत नाही, आणि घरी जायची सोय नाही. तेवढी माणसं रहमतच्या बाजेभोवती. त्यांतला मुख्य म्हणजे किसनसिंग. जवळच्या तांड्यावरचा, साठीचा, मिशा पांढऱ्या आणि जीभ काळी. त्याची गाडी बरोब्बर भात्यासमोर अडकली होती.

अशा वेळी पुण्याहून सलील आला.

सलील हा यज्ञेश्वर पोस्टमास्तरांचा मुलगा. यज्ञेश्वर आयुष्यभर पोस्टात होते, आणि निवृत्त झाले तरी गूळसुद्धा पत्र तोलायच्या काट्यावर तोलून घ्यायचे. सलील पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता, आणि तेव्हापासून त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली होती. पण लहानपणी शाळा सुटली की हा पोरगा दप्तरासकट रहमतच्या दुकानात येऊन बसायचा आणि तोंडाचा आ करून बर्फ ऐकायचा. त्याचंच हे फळ. आता हातात कागदांची चळत घेऊन तो म्हणाला, "चाचा, जानेवारीत आईबाबांना घेऊन बर्फात जातोय. स्की करायला. जागा तुम्हीच निवडायची. तुमच्याशिवाय इथं कोणाला कळतं?"

रहमतच्या हातातला हातोडा अर्ध्यात थांबला. पण तोवर सगळी रांग बाजेभोवती गोळा झाली होती. पाच दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

सलीलनं एक चित्र दाखवलं. चष्मा लावलेला गोरा माणूस, पायाला लांब फळ्या, हातात दोन काठ्या, आणि मागं धुरळा.

"पायाले फळ्या बांधाच्या अन् पहाडावरून घसराचं?" किसनसिंगनं विचारलं.

"हो काका."

"अन् खाली पोचल्यावर?"

"पुन्हा वर जायचं."

"कायले?"

"पुन्हा घसरायला."

किसनसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "आमचं बी दरसाल तेच चालू हाये, बाप्पा. फक्त आमाले फळ्या नाही भेटत."

सगळे हसले. रहमतनं वेळ काढायला चित्र हातात घेतलं आणि धंद्याच्या नजरेनं न्याहाळलं. "हा पाटा चुकीचा हाये," तो म्हणाला. "एकाच पाट्यावर सारा लोड? खाली दोन सपोर्ट पाटे तरी पायजेन. मास्तरसाहेबाचं वजन नाही पेलनार."

जागा तीन होत्या: काश्मिरातलं गुलमर्ग, गढवालातलं औली, आणि मनालीजवळचं सोलंग. सलीलनं तिन्हींचे कागद बाजेवर मांडले. आता या जिल्ह्यातल्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच निवड शंभरदा केलेली असते, ती म्हणजे बियाण्याची. त्यामुळे रांगेनं बर्फाचीही निवड त्याच रीतीनं सुरू केली.

"मांगच्या साली यातलं कोनाले पावलं?" एकानं विचारलं.

"शेजारच्या गावात कोनी लावलं... म्हंजे, कोनी गेलतं का?" दुसऱ्यानं विचारलं.

"बर्फ पडनच याची हमी काय?" तिसरा.

सलील म्हणाला, "इथं छापलंय ना, जानेवारीत किमान चार फूट."

"बियान्याच्या पाकिटावर बी छापून रायते," किसनसिंग म्हणाला. "मले एक सांग, बाबू. तिकडून कोनी कंपनीचा मानूस आलता का, जीप घेऊन, पडद्यावर सिनेमा दाखवत?"

"नाही, काका."

"मंग जागा चांगली असन."

एकाचं मत पडलं, की सगळा पैसा एकाच वाणात घालू नये, तीन दिवस इथं आणि तीन दिवस तिथं राहावं, एक बुडालं तर दुसरं तरी हाती लागेल. ते बऱ्याच जणांना पटलं. पण शेवटचा शब्द रहमतचा, यावर एकमत होतं. सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

रहमतला घाम फुटला. गुलमर्ग म्हणावं तर सलील तिथं जाऊन विचारणार, आमचे चाचा ऐंशी साली इथं होते, ओळखता का?

"गुलमर्ग नको," तो म्हणाला. "तिथले लोक मले ओळखतात. माहं नाव सांगतलं तर जेवल्याबिगर सोडनार नाहीत. तुमची सुट्टी पाहुनचारातच जाईन."

"मग औली?"

"तिथं दोरावर लटकून जा लागते म्हनतात. मास्तरसाहेबाले बीपी हाये."

"सोलंग?"

"तिथं सारे नवे नवरा-नवरी. तुही माय लाजन."

तिन्ही जागा दहा मिनिटांत बाद झाल्या. सलीलनं वही काढली. "बरं चाचा, जागेचं नंतर पाहू. तयारी काय करायची ते सांगा."

हे विचारलं तिथंच घात झाला. तयारीचा विषय निघाला, की रहमतची जीभ आपोआप रुळावर पडायची. "तोंडाले फडकं. कानात बोळे. सदऱ्याले बाह्या लांब. अन् मुख्य म्हंजे बिडी-काडी खिशात ठेवाची नाही. गेटवरच झडती घेतात."

"बिडी? का बरं?"

"अरे, एक ठिनगी पडली का सारा ढीगच्या ढीग..." आणि रहमत थबकला.

किसनसिंगनं हळूच आपल्या गाडीकडे पाहिलं, मग रहमतकडे. गाडीतल्या कापसाचं एक बोंड काढून बोटांत चोळलं. "मिस्त्री," तो म्हणाला, "हा बर्फ मले ओळखीचा वाटून राह्यला."

"उंचावर हवाच तशी रायते," रहमत घाईघाईनं म्हणाला. "पेट घेते."

सलीलनं तेही वहीत लिहून घेतलं. पोरगा हुशार होता, पण श्रद्धेपुढं हुशारी काय करणार? वही मिटून तो म्हणाला, "आणि चाचा, खरी गोष्ट तर राहिलीच. तुम्ही आणि चाची दोघंही आमच्याबरोबर येताय. मला पहिला बोनस मिळालाय आणि मी ठरवलंय. उद्या चारपर्यंत जागा सांगा, मी पैसे भरून टाकतो. बर्फात पहिलं पाऊल तुमच्या मागं टाकायचं, हे मी सातवीत असतानाच ठरवलं होतं."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. रहमतनं भात्याची दोरी ओढली, आणि विस्तवच नव्हता हे त्याला चार वेळा ओढल्यावर कळलं.

घरी जाऊन पाहतो तो बातमी त्याच्याआधी पोचलेली. खैरुनबीनं जांभळी शाल पेटीतून काढून अंगणात उन्हाला घातली होती आणि तिच्यातल्या डांबरगोळ्या वेचत होती. लग्नानंतर ती एकदा यवतमाळला दवाखान्यात गेली होती आणि दोनदा नागपूरला दर्ग्यावर. मुलगा मुजफ्फर आदिलाबादला वर्कशॉप चालवायचा, त्याच्याकडे जायचं म्हटलं तरी दरवेळी काहीतरी आड यायचं. मग शाल नेसूच्या पदरावर धरून ती आरशात पाहू लागली. रहमतला तिथल्या तिथं स्वतःची लाज वाटली. गेलं तर पहिल्या पावलाला पितळ उघडं पडणार, सगळ्यांसमोर, सलीलसमोर. आणि नाही म्हणावं तर ही बाई पुन्हा शाल घडी करून पेटीत ठेवणार. दोन्हीकडून मरण त्याचंच होतं.

"माहा गुडघा दुखून राह्यला," त्यानं सुरुवात केली.

"तिथं घोडे भेटतात," खैरुनबी म्हणाली. "सलीलनं सांगतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यज्ञेश्वर मास्तरांकडे गेला. मास्तर ओसरीत बसून काट्यावर चहापत्ती तोलत होते. आत सलीलच्या आई, रत्नप्रभाबाई, स्वेटर शोधत होत्या, आणि स्वेटर सापडत नसल्याचा राग भांड्यांवर निघत होता. रहमत पायरीवर बसला आणि जे पंचवीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते एका दमात सांगून मोकळा झाला. हिंगणघाट, जिनिंग, फावडं, शालवाला, सगळं. बोलून झाल्यावर त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मास्तरांनी चहापत्तीची पुडी बांधली. दोरा दोनदा गुंडाळला. मग म्हणाले, "मले माहीत आहे."

"काय माहीत हाये?"

"अरे, तू पत्रावर वर लिहिलंस श्रीनगर. आणि खाली गोल शिक्का हिंगणघाटचा, अक्षरन् अक्षर वाचता येण्यासारखा. टाकलं काल, पोचलं आज. काश्मीरचं पत्र कधी एका रात्रीत येते का, बाप्पा?"

रहमत म्हणजे पाटा कुठं तुटेल हे दहा फुटांवरून सांगणारा माणूस, पण पत्रावर शिक्का बसतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी तेव्हा इथं खिडकीवर होतो," मास्तर म्हणाले. "तुझी बायको रोज अकरा वाजता येऊन उभी राहायची. पत्र आलं का, भाऊ? तिला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवायचो. पण घरी नेऊन ती ते दहा जणांना दाखवणार, हे मला कळत होतं. त्यातला एक तरी शिकलेला असणारच. मग मी आपला इथला शिक्का घेतला, शाई भरपूर लावली, आणि नेमका हिंगणघाटच्या डोक्यावर हाणला." ते थांबले. "पस्तीस वर्षांच्या नोकरीत सरकारी शिक्का मी तीनदाच वाकडा मारला, रहमत. तिन्ही वेळा तुझ्यापायी."

रहमतला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं ठसका लागला. रत्नप्रभाबाई पाणी घेऊन बाहेर आल्या, त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "गार वाऱ्यात बसू नका, भाऊ. प्रवास आहे," आणि पुन्हा आत गेल्या.

"मंग आता?" रहमतनं विचारलं.

"सलीलचं मी पाहून घेईन. तो हसेल, आणि तुझ्यावरचा जीव काही कमी होणार नाही. पण खैरुनबीला तूच सांग. आता माझ्याजवळ शिक्का नाही."

रहमत घरी आला तो सांगायचंच ठरवून. खैरुनबी भाकरी थापत होती.

"खैरून, हिंगनघाट हाये ना..."

"हौ. काय झालं हिंगनघाटले?"

तिनं वर पाहिलं. तव्याच्या धगीनं तिचा चेहरा लाल झाला होता, आणि खांद्यावर ती जांभळी शाल होती, चुलीपुढंसुद्धा.

"तिथं कांदे सस्ते हायेत म्हनतात," तो म्हणाला आणि भाकरी न खाताच दुकानात निघून गेला.

चार वाजता सलील आला. रांग होती तिथंच होती, फक्त किसनसिंगची गाडी भात्यासमोरून ऐरणीसमोर आली होती. एका दिवसात बारा फूट. सलीलनं कागद पुन्हा बाजेवर मांडले. मास्तरही मागून काठी टेकत आले आणि रहमतकडे त्यांनी प्रश्नार्थक पाहिलं. रहमतनं मान हलवली. नाही सांगितलं. तेवढ्यात खैरुनबी रोजच्यासारखी चहाची किटली घेऊन आली.

"चाचा काही ठरवेनात," सलील म्हणाला. "चाची, तुम्हीच सांगा आता. कुठं जायचं?"

"मले कायले इचारता, बाबू? घरात बर्फ पाह्यलेला मानूस एकच."

"तरी पण."

खैरुनबीनं किटली खाली ठेवली. कागदांवरची चित्रं एकेक करून पाहिली, घाई न करता. किसनसिंगनं बिडी विझवली.

"माहं एकच म्हननं हाये," ती म्हणाली. "मुजफ्फरचे अब्बा जिथं जाऊन आले, तिथं नको. जे पाह्यलं तेच पुन्हा कायले पाहाचं? त्याईनं जिथं पाय नाही ठेवला, अशी जागा पाहा."

"बरोबर," सलील म्हणाला आणि पेन काढलं. "म्हणजे गुलमर्ग तर गेलंच. मग..."

"काहून गेलं? राहू दे ना," खैरुनबी म्हणाली. "कोनतीबी चालते."

सलीलचं पेन कागदावर टेकून राहिलं. त्यानं बापाकडे पाहिलं. बाप रस्त्यावरच्या बैलांकडे फार लक्षपूर्वक पाहत होता. हळूहळू सलीलच्या लक्षात आलं. त्यानं वही उघडली, बिडी-काडीचं पान पुन्हा वाचलं, आणि एवढा मोठा पुण्याचा इंजिनीअर, पोट धरून बाजेवर लोळला.

"खैरून," रहमतनं कसंबसं विचारलं, "कवापासून?"

"तुमी आले त्याच दिशी. बंडी धुवाले घेतली तर खिशाच्या शिवनीतून सरकी निंगाली. मूठभर. नेफ्यातून बी." ती कपात चहा ओतू लागली. "यवतमाळ जिल्ह्यातली बाई हावो मी. सरकी कोनती अन् बर्फ कोनता, एवढं तर मले कळते."

"मंग फेकली?"

"फेकाले कायले? परसात लावली. सात झाडं आली. दोन साल बोंडं येचली, अन् त्याची उशी भरली. मुजफ्फर झाला तवा त्याच्या डोक्याखाली तीच होती. अन् तो मोठा झाल्यावर तुमी घेतली."

रहमतला उशी आठवली. लाल खोळीची, लहानशी, मऊ. मान दुखते म्हणून तो दुसऱ्या कोणत्याच उशीवर झोपायचा नाही. पाहुण्यांनाही मोठ्या तोऱ्यात सांगायचा, की अशी झोप मला काश्मिरातसुद्धा लागली नव्हती.

"मंग तू काहून नाही बोलली? पंचवीस साल?"

खैरुनबीनं पहिला कप मास्तरांना दिला, दुसरा किसनसिंगला. "सांगनं तुमचं भल्ला झकास होतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, त्याच्याकडे न पाहता बोलली, "अन् शाल तर आनलीच ना. एक शाल आनतो म्हनून जो मानूस चार महिने धुरळ्यात खोकत राह्यला, त्याले मी खोटा कोन्या तोंडानं म्हनू?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच रहमतच्या दुकानात बर्फाचा विषय निघाला होता आणि बोलत दुसरंच कोणी होतं. त्याला फार हलकं वाटलं, आणि या बाईपुढं आपण किती लहान आहोत तेही त्या क्षणी वाटून गेलं. त्यानं बाजेवर बसून घेतलं.

"मंग पेरनी कुठं कराची ते सांगा ना," किसनसिंग म्हणाला. "माहा नंबर लागून जाईन."

मास्तरांनी औलीचा कागद उचलला. "हे लिही," ते सलीलला म्हणाले. "दोराला लटकायला मी तयार आहे. माझ्या बीपीची काळजी मिस्त्रीनं करू नये."

सलीलनं औली लिहिलं आणि खाली पाच नावं. किसनसिंगनं गाडीतला मूठभर कापूस काढून रहमतच्या हातात कोंबला. "घेऊन जा," तो म्हणाला. "तिथल्या लोकायले दाखवजो, आमच्याकडचा बर्फ कसा रायते ते." रांगेतले सगळे हसले, आणि त्यात रहमतचंही हसू मिसळलं, थोडं ओलं, पण खरं.

खैरुनबीनं रिकामे कप गोळा केले, शाल खांद्यावर नीट घेतली आणि निघाली. चार पावलं जाऊन थांबली.

"अन् आयका," ती म्हणाली, "तिथं बिडी प्या बिनधास्त. तो बर्फ पेटत नाही म्हनतात."